ग्रबचा अर्धा भाग एका डिस्कवर, अर्धा दुसऱ्या

2020 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरातल्या एका छापखान्याचा सर्व्हर बूट होईना. रात्री लाइट गेली, यूपीएसनंही मान टाकली आणि सकाळी मशीन चालू केलं तर स्क्रीनवर काळ्यावर पांढऱ्या दोन-तीन ओळी. मी पुण्यात. जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा ई-पास लागायचा, त्यामुळे गाडी काढून निघण्याचा प्रश्नच नव्हता. छापखान्यात डीटीपी करणारा एक हुशार मुलगा आहे, त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि लगेच फोन. "सर, ग्रब रेस्क्यू असं काहीतरी आलंय. काकांनी विचारलंय, दिवाळी अंकांच्या फाइली हायत न्हवं?"

ग्रब म्हणजे मशीन चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम उठवून देणारा प्रोग्राम. फाइलींना काही झालेलं नसणार, एवढं फोटोवरूनच कळत होतं. ओळ होती, "एरर: सिम्बॉल 'ग्रब_कॅलॉक' नॉट फाउंड". त्या आठवड्यात ही ओळ जगभरातल्या सर्व्हरवाल्यांनी पाहिली होती. 29 जुलैला ग्रबमधली 'बूटहोल' नावाची त्रुटी जाहीर झाली आणि डेबियन, उबुंटू, रेड हॅट अशा लिनक्स पुरवणाऱ्या सगळ्यांनी त्याच दिवशी दुरुस्तीचे अपडेट सोडले. त्रुटी मुळात सिक्युअर बूटला, म्हणजे खात्रीचाच प्रोग्राम उठू देणाऱ्या पहाऱ्याला, बगल देता येण्याची. आमचं मशीन जुन्या पद्धतीच्या बायोसचं (चालू होताच सगळ्यात आधी धावणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम), त्यात सिक्युअर बूट औषधालाही नाही. तरी अपडेट आमच्याकडेही आलाच.

मशीनमध्ये चार डिस्क. 500 जीबीच्या दोन, त्यांच्यावर एमडी-ॲडम या लिनक्सच्या साधनाने केलेला मिरर, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही लिहिलं जाणारी जोडी, आणि त्यात डेबियन 10. बाकी दोन 4 टीबीच्या, त्यांचा वेगळा मिरर, त्यात कामाच्या फाइली. मिरर आहे म्हटल्यावर दोन्ही डिस्कवर सगळं सारखंच असणार, असं बहुतेकांना वाटतं. ग्रबच्या बाबतीत ते खरं नाही, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

बायोस डिस्कचा पहिला 512 बाइटचा सेक्टर वाचतो. त्यात प्रोग्रामसाठी जागा 446 बाइट, उरलेल्यात पार्टिशनची यादी आणि शेवटच्या दोन बाइटांत खूण. एवढ्या जागेत काही मावत नाही, म्हणून हा तुकडा फक्त पुढच्या तुकड्याला हाक मारतो. तो पुढचा तुकडा, म्हणजे ग्रबचा गाभा, पहिल्या पार्टिशनच्या अलीकडे मोकळ्या सोडलेल्या जागेत बसलेला असतो. तो मग मिररमधला बूट-ग्रब फोल्डर उघडून बाकीची मॉड्यूल्स उचलतो. मॉड्यूल्स मिररमध्ये आहेत, म्हणजे दोन्ही डिस्कवर आपोआप एकसारखी. पहिला सेक्टर आणि गाभा मात्र मिररच्या बाहेर. ते प्रत्येक डिस्कवर वेगळे लिहावे लागतात, आणि लिहिलेत की नाही हे मिरर सांगत नाही. तो आपला दोन 'यू' दाखवून, म्हणजे दोन्ही डिस्क ठीक आहेत असं सांगून, मोकळा.

आता ती एरर वाचा. मॉड्यूल नवं, त्याला गाभ्यात 'ग्रब_कॅलॉक' नावाचं फंक्शन हवंय. गाभा जुना, त्यात ते नाही. म्हणजे अपडेटने मॉड्यूल्स बदलली, पण बायोस ज्या डिस्कवरून सुरू करतोय त्या डिस्कवरचा गाभा बदलला नाही. मग नवा गाभा गेला कुठे? जवळजवळ नक्की दुसऱ्या 500 जीबीवर.

मुलगा तोवर स्वस्थ बसला नव्हता. इंटरनेटवर सगळीकडे असलेला उपाय त्याने केला होता: प्रीफिक्स (ग्रबच्या फोल्डरचा पत्ता) सेट करा, मग 'इन्समॉड नॉर्मल', म्हणजे 'नॉर्मल' मॉड्यूल लोड करा. त्याला पुन्हा तीच एरर. ती येणारच होती, कारण 'नॉर्मल' हेच ते नवं मॉड्यूल आणि ते लोड करणारा गाभा तोच जुना. फोल्डर हरवलेला असतो तेव्हा तो उपाय चालतो. इथे फोल्डर सापडत होता, दोघांचं पटत नव्हतं.

आता त्याच्या हातात रेस्क्यूची पेन ड्राइव्ह होती. "एसडीएवर ग्रब-इन्स्टॉल मारू का?" ग्रब-इन्स्टॉल म्हणजे डिस्कवर ग्रब लिहिणारी कमांड. मी म्हटलं, थांब, आधी डिस्कची यादी काढ, साइज, मॉडेल आणि सिरियल नंबरासकट. यादीत एसडीए निघाली पेन ड्राइव्ह स्वतःच. एसडीबी आणि एसडीसी 4 टीबीच्या. 500 वाल्या दोन्ही शेवटी, डी आणि ई. एसडीए, एसडीबी ही नावं त्या त्या वेळी डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या यावर पडतात, आज आहे ते उद्या असेलच असं नाही. चुकून 4 टीबीवर कमांड गेली असती तर बहुधा नुसती तक्रार करून थांबली असती. एवढ्या मोठ्या डिस्कला जीपीटी, म्हणजे पार्टिशनची नव्या पद्धतीची यादी, लागतं आणि जीपीटी डिस्कवर बायोसमधून बूट करायचं तर ग्रबच्या गाभ्यासाठी छोटं वेगळं पार्टिशन ठेवावं लागतं, ते या डिस्कवर नव्हतं. पण त्या भरवशावर कशाला राहायचं?

सिरियल नंबर मात्र बदलत नाही. त्याला कॅबिनेट उघडायला लावलं. आत ऑफसेट मशीनच्या स्प्रे पावडरचा पांढरा थर, पंख्याच्या पात्यांवर तर बोटभर. फडक्याने लेबल पुसून त्याने चारही डिस्कचे शेवटचे चार अंक मोठ्याने वाचले, चिकटपट्टीवर स्केच पेनने लिहिले आणि ज्या त्या डिस्कवर लावले. ते अंक यादीशी ताडून पाहिले. मग दोन्ही 500 वाल्यांचा पहिला सेक्टर सोडून पुढचे 60 सेक्टर वाचून त्यांचे एमडी-5, म्हणजे मजकूर सारखा आहे का हे दाखवणारे आकडे, काढायला सांगितलं. आकडे वेगवेगळे आले. दोन डिस्क, दोन निराळे गाभे.

आता पेन ड्राइव्हमधून क्रूट करून, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून, दुरुस्ती करता आली असती. पण नवा गाभा असलेली डिस्क मशीनमध्ये आहेच, तर तिच्यावरूनच उठवलेलं बरं. बूट मेन्यूत हार्ड डिस्क एकच दिसत होती. बऱ्याच बायोसमध्ये असंच असतं: मुख्य यादीत एक डिस्क आणि बाकीच्यांचा क्रम आतल्या एका वेगळ्या पानावर. ते पान सापडायला वेळ गेला. तिथे दुसरी 500 जीबी वर घेतली, सेव्ह केलं आणि मशीन सुरळीत लॉगिनपर्यंत आलं. फोनवरून काकांचा आवाज ऐकू आला, "चला, झालं बघा!"

झालं नव्हतं. ग्रबचं पॅकेज अपडेट होताना गाभा कोणत्या डिस्कवर लिहायचा याची यादी डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनचा पॅकेजांच्या सेटिंग जपणारा भाग, ठेवतो, सिरियल नंबरासकट. ती उघडली तर तिथे एकच डिस्क, ही दुसरी. उलगडा तिथेच झाला. आदल्या वर्षी मूळची पहिली डिस्क मेली होती. मशीन एका डिस्कवर चालत असताना ग्रबचं पॅकेज नव्याने लागलं, समोर जिवंत डिस्क एकच होती, तीच निवडली गेली. पुढे व्हेंडरने नवी डिस्क लावली, मिरर भरून दिला आणि हाताने ग्रब-इन्स्टॉलही चालवला. तेवढं बहुतेक जण करतही नाहीत. पण हाताने चालवलेली कमांड डेबकॉन्फच्या यादीत जात नाही. नवी डिस्क पहिल्या पोर्टवर, म्हणून बायोसची आवडती. त्या दिवसापासून मशीन एका डिस्कवरून उठत होतं आणि अपडेट दुसरीवर लिहिले जात होते. जुना गाभा नव्या मॉड्यूल्सशी जुळत होता तोवर कोणाला पत्ता लागला नाही.

ती यादी पुन्हा विचारणारी 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' ही कमांड चालवून दोन्ही 500 वाल्यांपुढे खूण केली, 4 टीबीच्या सोडल्या. मग बायोसमध्ये क्रम बदलून दोन्ही डिस्कवरून एकेकदा मशीन उठवलं. डिस्कची केबल काढून बघणं ही जास्त खरी परीक्षा, पण मग मिरर तुटतो, पुन्हा जोडावा लागतो, आणि तो भरत असताना दुसरी डिस्क गेली तर पुण्यात बसून मी काय करणार होतो?

हात घातलाच होता म्हणून एफएसटॅबही पाहिला, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची फाइल. 4 टीबीच्या मिररला 'नोफेल' लावावं असं पुष्कळ जण सुचवतात, म्हणजे तो नसला तरी मशीन अडत नाही. मी ते मुद्दाम लावलं नाही. डेटा माउंट न होता (जोडला न जाता) सर्व्हर वर आला तर साम्बा, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, तोच फोल्डर रिकामा दाखवणार, आणि ऑपरेटर मंडळी त्यातच नवी कामं सेव्ह करत बसणार. त्यापेक्षा मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून फोन आलेला परवडला.

2 मार्च 2021 ला ग्रबच्या त्रुटींचा पुढचा हप्ता जाहीर झाला आणि पुन्हा अपडेट आला. या वेळी रीबूट करायच्या आधी लॉग उघडला. 'नो एरर रिपोर्टेड' दोनदा आलं होतं, दोन डिस्कसाठी दोनदा.

छापखान्याचं पुढचं मशीन यूईएफआयचं, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचं आहे. तिथे सेक्टरची भानगड नाही, ग्रब एका साध्या फॅट पार्टिशनमध्ये फाइल म्हणून असतो. पण ते पार्टिशन फर्मवेअरला थेट वाचता यावं लागतं, एमडी-ॲडमच्या नेहमीच्या मिररमध्ये ते ठेवता येत नाही, आणि डेबियनचं पॅकेज त्यातल्या माउंट केलेल्या एकाच पार्टिशनवर लिहितं. म्हणून दोन्ही डिस्कवर ते पार्टिशन केलं, 'ईएफआय-बूट-मॅनेजर' या कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत दोघांची वेगळी नोंद घातली, आणि अपडेट झाला की पहिल्याची नक्कल दुसऱ्यावर टाकणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली. डिस्कवर चिकटपट्ट्या या वेळी मुलाने आधीच लावल्या होत्या.