तिसरी चळत

हाताने फेरमोजणी चालू असताना सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या दोन उंच चळतींवर असतात. घोळ मात्र बरेचदा शेजारच्या बारक्या चळतीत निघतो. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरपदाची, म्हणजे कामाच्या दृष्टीने मुख्यमंत्रिपदाचीच, मतं हाताने मोजली गेली. त्या वेळी मी तिथल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मोजणीला हंगामी कर्मचारी होतो. त्यातला एक दिवस इथे लिहितो आहे. तिसऱ्या उमेदवाराने ‘मतं खाल्ली’ हे आपण किती सहज म्हणून टाकतो आणि कागदावर त्याचा पुरावा किती थोडा असतो, ते त्या दिवशी समोर आलं.

आधी आकडे. २ नोव्हेंबरच्या मतदानानंतरच्या पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे होते. फरक २,००० मतांहून आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्यामुळे कायद्याप्रमाणे यंत्रावर फेरमोजणी झाली. ती होऊन रॉसींची आघाडी ४२ वर आली. मग डेमोक्रॅटिक पक्षाने क्रिस्टीन ग्रेगॉयर यांच्यासाठी अख्ख्या राज्यात हाताने मोजणी मागितली. तिला अनामत लागते, दर मतपत्रिकेमागे २५ सेंट. पक्षाने ७,३०,००० डॉलर भरले. निकाल उलटला तर पैसे परत, नाहीतर गेले. तिसऱ्या उमेदवार होत्या लिबर्टेरियन पक्षाच्या रूथ बेनेट.

आता टेबलाची रचना. एका टेबलाला तीन माणसं: एक डेमोक्रॅटिक पक्षाने दिलेला, एक रिपब्लिकन पक्षाने दिलेला आणि एक काउंटीचा. मी काउंटीचा. मागे दोन्ही पक्षांचे निरीक्षक उभे. त्यांनी बघायचं, कागदाला हात लावायचा नाही. टेबलावर निळं किंवा काळं पेन चालत नाही, फक्त लाल. मतदार निळ्या-काळ्या शाईने गोल भरतो, त्यामुळे मोजणाऱ्याच्या हातून चुकून रेघ उठलीच तर ती ओळखू यावी, हा उद्देश. पाण्याची बाटली खाली जमिनीवर.

खोकं आलं की आधी सीलचा क्रमांक वहीशी ताडायचा, मग आतल्या मतपत्रिकांची नुसती संख्या मोजायची, कुणाला किती ते न बघता. ही संख्या जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग एकेक पत्रिका टेबलाच्या मधोमध, तिघांना दिसेल अशी धरायची आणि चळत लावायची: ग्रेगॉयर, रॉसी, बेनेट, हाताने नाव लिहिलेल्या, गव्हर्नरपदाचा रकाना कोरा सोडलेल्या आणि शंकास्पद. लावून झाल्यावर प्रत्येक चळत फक्त एकाच गोलाकडे बघत भराभर चाळायची. भलती पत्रिका त्यात चटकन डोळ्यात भरते. मग पंचवीस-पंचवीसचे आडवे-उभे गठ्ठे. एकाने मोजून आकडा मनात ठेवायचा, दुसऱ्याने मोजायचं, मग दोघांनी आकडे लिहून दाखवायचे. मोठ्याने आकडा बोलायची मनाई. ऐकलेला आकडा माणूस नकळत जुळवून घेतो. आधीच्या दोन मोजण्यांत कुणाला किती मिळाली होती, हेही आमच्या टेबलाला सांगत नसत, तेही याच कारणासाठी.

यंत्राने दोनदा मोजलेली मतं हाताने बदलतात तरी कशी? वॉशिंग्टनमध्ये तेव्हाच बहुतेक मतदार टपालाने मत देत होते. मतपत्रिका घडी घालून पाकिटात येते. घडीचा कंगोरा नेमका गोलावर आला तर यंत्राला तो अर्धवट भरलेला वाटतो. कुणी गोल न भरता त्यावर बरोबरची खूण करतो, कुणी गोलाभोवती आणखी एक गोल काढतो, कुणी नावच अधोरेखित करतो. यंत्र हे सगळं कोरं धरतं. माणसाला मतदाराचा इरादा कळतो, आणि तिथला नियम इराद्याला महत्त्व देतो. नोटा मोजायच्या यंत्रासारखं चोख काम इथे यंत्राकडून होत नाही, कारण प्रत्येक मतदाराचं हस्ताक्षर वेगळं.

त्या दिवशी दुपारच्या खोक्यात एकूण संख्या जुळली, पण दोघांनी आकडे दाखवले तेव्हा एकाच्या चळतींची बेरीज एकाने कमी आली. ग्रेगॉयर जुळली, रॉसी जुळली, बेनेटच्या चळतीवर मात्र रिपब्लिकन बाजूच्या गृहस्थांचे नऊ आणि डेमोक्रॅटिक बाजूच्या बाईंचे दहा. पुन्हा मोजलं, पुन्हा नऊ आणि दहा. अशा वेळी वाद घालायचा नाही, पत्रिका एकेक करून टेबलावर पसरायच्या. पसरल्यावर कळलं की एका पत्रिकेच्या घडीत दुसरी पत्रिका अडकून बसली होती. वरची बेनेटची, आतली ग्रेगॉयरची. लावताना आणि चाळतानाही दोन्ही एकच समजून गेल्या. बाईंनी कडा मोजल्या म्हणून त्यांना दहा मिळाल्या, गृहस्थांनी तोंडं मोजली म्हणून नऊ. बेनेट नऊ, ग्रेगॉयरला एक जास्त, बेरीज जुळली. तिघांच्या सह्या झाल्या.

असा घोळ मोठ्या चळतीत झाला असता तर? दोन्ही पत्रिका एकाच उमेदवाराच्या असत्या तरी बेरजेने पकडला असताच. पण मोठी चळत दोघंही जीव तोडून मोजतात. बारकी चळत कुणाच्या बाजूची नसल्यामुळे तिच्याकडे लक्ष ढिलं असतं. लिबर्टेरियन पक्षाचा माणूस आमच्या टेबलावर नव्हताच. पर्यवेक्षकांनी त्यानंतर आमच्यापुरता एक बदल केला: बेनेटची चळत सगळ्यात आधी मोजायची, डोकं ताजं असताना. दिसायला किरकोळ, पण पुढच्या खोक्यांना वेळ वाचला.

त्याच खोक्यात शंकास्पद चळतीत दोन पत्रिका होत्या. पहिलीत बेनेटचा गोल पूर्ण भरलेला, त्यावर ठळक फुली, आणि रॉसींचा गोल भरून शेजारी बाण. दुसरीत उलट: रॉसींच्या गोलावर रेघोट्या मारून तो खोडलेला आणि बेनेटचा गोल नीट भरलेला. यंत्राने दोन्ही वेळा या बाद ठरवल्या होत्या, कारण यंत्राला दोन भरलेले गोल दिसतात. टेबलाला अशा पत्रिकांवर निर्णय देता येत नाही. त्या पाकिटात घालून, पाकिटावर खोक्याचा क्रमांक टाकून काउंटीच्या कॅनव्हासिंग बोर्डाकडे जातात. तीन सदस्यांचं बोर्ड, बैठक खुली, सगळ्यांसमोर. संध्याकाळी निर्णय आला: पहिली रॉसींना, दुसरी बेनेटना.

या दोन कागदांवर मी जरा थांबतो. तिसऱ्या उमेदवाराचा मतदार नाहीतर कुणाकडे गेला असता, याचा मतपत्रिकेवरचा पुरावा म्हणजे असली खाडाखोड. बाकीच्या कागदावर एकच गोल असतो आणि दुसऱ्या पसंतीबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि जो पुरावा समोर होता, तो दोन्हीकडे बोट दाखवत होता.

अंतिम निकाल ३० डिसेंबरला प्रमाणित झाला: ग्रेगॉयर १३,७३,३६१, रॉसी १३,७३,२३२, बेनेट ६३,४६५. फरक १२९. बेनेटची मतं फरकाच्या ४९० पटींहून जास्त. मग ‘बेनेटने रॉसींना पाडलं’ हे बोललं जाणारच. गणित करून बघा. समजा बेनेट नसत्या तर त्यांच्या मतदारांपैकी नव्वद टक्के घरीच बसले असते. उरलेल्या ६,३४६ पैकी रॉसींना ३,२३८ आणि ग्रेगॉयरना ३,१०८ पडली असती तरी रॉसी एका मताने जिंकले असते. म्हणजे ५१ टक्के पुरे होते. पण कल थोडा उलट असता तर ग्रेगॉयर पहिल्याच मोजणीत पुढे गेल्या असत्या आणि कदाचित आम्हाला डिसेंबरात कामच मिळालं नसतं. लिबर्टेरियन म्हणजे कमी कर, कमी सरकार, म्हणून ती रिपब्लिकनांची मतं, हा हिशेब इथे सरळ लागू होत नाही. बेनेट समलिंगी विवाहाच्या उघड बाजूने होत्या, आणि त्या मुद्द्यावर मत देणारा माणूस रॉसींकडे जाईलच असं नव्हे. शिवाय त्याच मतपत्रिकेवर लिबर्टेरियन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, त्याला राज्यात १२ हजारांच्या आसपास मतं पडली. म्हणजे बेनेटना मत देणारे बहुसंख्य लोक वरच्या रकान्यात दुसऱ्याच पक्षाला मत देऊन खाली आले होते. मोजताना हे नजरेला पडतच होतं: वर डेमोक्रॅटिक केरी, खाली बेनेट, वर रिपब्लिकन बुश, खाली बेनेट.

आपल्याकडे रायगडला २०१४ साली सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली. तिथे निदान नावाच्या गोंधळावर बोट ठेवता येतं. बेनेटच्या बाबतीत तसा गोंधळ नव्हता; लोकांनी तिसरं नाव बघून, समजून गोल भरला होता.

वॉशिंग्टनला हा अनुभव नवाही नव्हता. २००० साली सिनेटच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक मारिया कँटवेल यांनी रिपब्लिकन स्लेड गॉर्टन यांना २,२२९ मतांनी हरवलं, आणि लिबर्टेरियन जेफ जॅरेड यांना ६४,७३४ मतं पडली. चार वर्षांनी जवळपास तेवढीच मतं पुन्हा तिसऱ्या नावावर.

निकाल कसा फिरला, तेही सांगतो, कारण त्याचं श्रेय किंवा दोष नुसत्या खाडाखोडीच्या मतपत्रिकांना देता येत नाही. किंग काउंटीत, म्हणजे सिएटलच्या काउंटीत, टपाली पाकिटं बाजूला पडली होती, कारण त्या मतदारांची सही संगणकात चढलेली नव्हती. पाकिटावरची सही ताडायला समोर काहीच नाही, म्हणून नाकारली. काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स यांना नाकारलेल्यांच्या यादीत स्वतःचंच नाव सापडलं आणि प्रकरण उघडकीला आलं. आधी ५७३ पाकिटं, मग आणखी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला ती तपासायला परवानगी दिली. त्याच सुमाराला ग्रेगॉयर अवघ्या दहा मतांनी पुढे आल्या होत्या. ही पाकिटं उघडल्यावर फरक शंभरावर गेला. मोजणीच्या टेबलावर कितीही डोळ्यांत तेल घालून बसलं तरी, जे पाकीट टेबलापर्यंत येतच नाही ते मोजायचं कसं?

रॉसींची बाजू कोर्टात गेली. वेनाची गावात न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांच्यासमोर २००५ च्या मे-जूनमध्ये सुनावणी झाली. मतदानाचा हक्क गेलेल्या गुन्हेगारांनी मतं दिली, हा मुख्य आरोप, आणि तशी मतं शेकड्यांनी निघालीही. पण ती कुणाला दिली? रॉसींच्या वकिलांचं म्हणणं होतं की ज्या भागातलं मत, तिथल्या टक्केवारीच्या प्रमाणात ते उमेदवारांतून वजा करा. न्यायाधीशांनी हे मानलं नाही: एखाद्या माणसाने शेजाऱ्यांसारखंच मत दिलं असेल असं गृहीत धरता येत नाही. मला वाटतं, ‘बेनेटची मतं नाहीतर अमुक टक्के तिकडे गेली असती’ या हिशेबालाही तेच उत्तर लागू आहे. तोही प्रमाणात वाटून टाकायचाच प्रकार.

गंमत म्हणजे याचा इलाज त्याच मतपत्रिकेवर छापलेला होता. २ नोव्हेंबरलाच मतदारांनी इनिशिएटिव्ह ८७२ हा थेट त्यांच्यापुढे ठेवलेला प्रस्ताव साठ टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर केला: प्राथमिक फेरीत सगळे उमेदवार एकत्र, पक्ष कुठलाही असो, आणि नोव्हेंबरात फक्त पहिले दोन. पक्षांनी तो कोर्टात अडवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये तो मोकळा केला. त्याच वर्षी ग्रेगॉयर आणि रॉसी पुन्हा समोरासमोर आले, या वेळी तिसरं नाव नव्हतं, आणि ग्रेगॉयर साडेसहा टक्क्यांच्या आसपास फरकाने जिंकल्या. पण मतविभागणी संपली नाही, ऑगस्टातल्या प्राथमिक फेरीत गेली. २०२४ मध्ये सार्वजनिक जमिनींच्या आयुक्तपदासाठी प्राथमिक फेरीत पाच डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उभे राहिले. डेमोक्रॅटांची मतं पाच ठिकाणी फुटली आणि नोव्हेंबरात दोन्ही रिपब्लिकनच उरायची वेळ आली. डेमोक्रॅट डेव्ह अपथेग्रोव्ह दुसऱ्या क्रमांकावर टिकले ते ४९ मतांनी, आणि तेही राज्यभर हाताने फेरमोजणी होऊन.

ब्रिजेस यांनी ६ जून २००५ ला निकाल दिला. पाच गुन्हेगारांनी स्वतः शपथेवर सांगितलं होतं की आपण कुणाला मत दिलं, तेवढीच मतं त्यांनी वजा केली: रॉसींची चार, बेनेटचं एक. फरक १२९ वरून १३३ झाला, आणि रॉसींनी अपील केलं नाही.