व्हाइसवासर ते पार्दुबित्से : खेळलेल्या जर्सीच्या शोधात तीन दिवस

जर्सीच्या उजव्या कोपरावर चार बोटं लांबीची शिवण होती. कापड निळं, दोरा त्याहून किंचित गडद, टाका नागमोडी. आतून हात फिरवला की दोऱ्याची गाठ बोटाला लागत होती. ती गाठ लागली आणि मी ठरवलं, घ्यायची तर हीच.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येतं. ही गोष्ट बर्फावरच्या हॉकीची आहे, आणि खेळाडूंनी सामन्यात अंगावर घातलेल्या जर्सींची. मी नोकरीमुळे जर्मनीत ड्रेस्डेनला राहते आणि चार वर्षांपासून अशा जर्सी जमवते. मार्चअखेरीस तीन दिवस काढून आधी व्हाइसवासर, मग चेकियातलं पार्दुबित्से असा फेरा केला. कुणाला याच वाटेनं जायचं असेल, तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

व्हाइसवासर हे पोलंडच्या सीमेजवळचं, 15 हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. एकेकाळी काचकारखान्यांसाठी प्रसिद्ध. पूर्व जर्मनीच्या सरकारनं 1970 मध्ये बर्फावरच्या हॉकीचा हात सोडला, कारण त्यात ऑलिंपिक पदकं मिळण्याची आशा दिसत नव्हती. देशाच्या लीगमध्ये उरले फक्त दोन संघ : डायनॅमो बर्लिन आणि डायनॅमो व्हाइसवासर. पुढची वीस वर्षं हे दोघंच एकमेकांशी खेळत राहिले आणि दर वर्षी त्यांच्यातलाच एक राष्ट्रीय विजेता ठरत राहिला. या छोट्या गावाच्या नावावर पूर्व जर्मनीची 25 विजेतेपदं आहेत. आजचा संघ लाउझिट्झर फ्युक्स, म्हणजे लाउझिट्झचे कोल्हे, दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळतो. रंग निळा आणि पिवळा.

मी मुद्दाम दुसऱ्या श्रेणीच्या संघांकडे जाते. जर्मनीत हंगाम संपला की बरेच संघ चाहत्यांसाठी निरोपाचा कार्यक्रम ठेवतात आणि तिथं जर्सी विकतात किंवा लिलावात काढतात. मोठ्या शहरांतल्या संघांकडे किमती लवकर हाताबाहेर जातात. लहान गावात जर्सी हातात घेऊन, उलटी करून, उजेडात धरून बघता येते, आणि ती घालून खेळलेला मुलगा चार पावलांवर उभा असतो. अडचण एकच. संघ स्पर्धेतून बाहेर पडल्याशिवाय कार्यक्रमाची तारीख ठरत नाही, म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. ड्रेस्डेनहून गोर्लिट्झला गाडी बदलून साधारण सव्वादोन तास लागतात, आणि डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभरातल्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास, पूर्ण प्रवासाला चालतं. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते घरून निघण्याआधीच बघून ठेवा. मी ठेवली नव्हती, रात्र तिथंच काढावी लागली. रोख पैसेही जवळ हवेत.

आता जर्सी कशी ओळखायची ते. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याकडून मी स्वित्झर्लंडमधल्या संघाची जर्सी 180 युरोंना मागवली होती, ‘सामन्यात घातलेली’ या वर्णनावर विश्वास ठेवून. आली ती कोरी करकरीत. व्यावसायिक जर्सीला आत मागच्या बाजूला एक पट्टा शिवलेला असतो. तो पँटला अडकवतात, म्हणजे झटापटीत कुणी जर्सी डोक्यावरून ओढू शकत नाही. माझ्या जर्सीवर त्या पट्ट्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. फार वाईट वाटलं, पण तेव्हापासून मी आधी पट्टा बघते. पट्ट्याचं वेल्क्रो पिंजलेलं असायला हवं. मग बाह्या. पकचं (चेंडूऐवजी वापरतात त्या चकतीचं) रबर आणि स्टिकवरची काळी टेप यांचे डाग पांढऱ्या जर्सीवर स्पष्ट दिसतात. खांद्यावर आणि कोपरावर बर्फाच्या मैदानाच्या कडेच्या फळ्यांना घासून रंग लागलेला असतो. नाव वेगळ्या पट्टीवर शिवलेलं असेल, तर पट्टीच्या कडेला जुन्या सुईची भोकं आहेत का ते बघा. असली तर तीच जर्सी आधी दुसऱ्या कुणी घातलेली असू शकते. युरोपात नावं-नंबर पुष्कळदा कापडातच छापलेले असतात, तिथं ही खूण मिळत नाही. जर्सीभर जाहिराती बघून नवखे लोक नाक मुरडतात. मला त्या आवडतात, कारण गावातली बेकरी, बँक, बांधकामवाला सगळे तिथं असतात आणि प्रायोजक बदलले की जर्सी कोणत्या हंगामातली ते लगेच कळतं.

कोपर शिवलेली ती जर्सी एका बचावपटूची होती. गोल फारसे करत नाही, पकच्या आडवं पडणं हेच त्याचं काम. बोली 140 युरोंवर थांबली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी आधी दोनदा हात वर केला होता. मी कुठली, असं त्यांनी विचारलं. पुण्याची म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातली जर्सी घेतली, कोपरावरची शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, “सांभाळ हं हिला.”

दुसऱ्या दिवशी ड्रेस्डेनला परतून प्रागची गाडी धरली. डावीकडे-उजवीकडे एल्बचं खोरं, सीमेपलीकडे तीच नदी लाबे होते, आणि प्रागहून तासाभरावरचं पार्दुबित्सेही तिच्याच काठावर आहे. हे डोमिनिक हाशेकचं गाव. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाचे पाचही पेनल्टी फटके अडवणारा गोलकीपर तो हाच. अंतिम सामन्यात त्यानं रशियाला एकही गोल करू दिला नाही, आणि चेकियानं 1-0 नं सुवर्ण जिंकलं. गावात सामना होता, दहा हजारांचं स्टेडियम भरलेलं. खरेदीच्या दृष्टीनं मात्र माझा दिवस चुकला. प्ले-ऑफ चालू असताना चालू हंगामाच्या जर्सी कुणी विकत नाही. दुकानात मागच्या हंगामातली एकच मिळाली, तीही गोलकीपरची, तंबूएवढी रुंद. चेक भाषेत जर्सीला ‘ड्रेस’ म्हणतात. ‘झापासोवी ड्रेस’ असं विचारलं की सामन्यातली हवी आहे हे दुकानदाराला समजतं. क्लाड्नोला जाऊन तिथल्या यारोमीर यागर या नामवंत हॉकीपटूच्या 68 नंबरचं काही मिळेल, अशा आशेवर मात्र राहू नका. 1968 च्या सोव्हिएत आक्रमणाची आठवण म्हणून त्यानं घेतलेला तो नंबर आपल्या खिशाच्या पलीकडचा आहे.

नेताना चेन लावायची मोठी प्लास्टिकची पिशवी न्या. डब्यातल्या लोकांना घामाच्या वासाचा त्रास नको. घरी आल्यावर लगेच बाहेर काढून सावलीत वारा द्या. धुऊ नका. माझी दुसरी जर्सी मी गरम पाण्यात धुतली आणि बाहीवरचे पकचे डाग पुसट झाले, ते आता परत येणार नाहीत. जर्मनी-चेकिया सीमेवर कस्टमचा प्रश्न नाही. स्वित्झर्लंडहून जमिनीच्या मार्गानं येताना 300 युरोंच्या वरच्या मालावर कर भरावा लागतो, पावती जवळ ठेवा. भारतात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. घरी पाठवायची असेल तर कुरिअर न करता स्वतःच्या बॅगेतून न्या.

रविवारी रात्री संघाच्या छायाचित्रकाराचे हंगामभराचे फोटो उघडून बसले. नोव्हेंबरच्या फोटोंत त्या बचावपटूचं कोपर अखंड आहे. फेब्रुवारीतल्या एका फोटोत तो गोलसमोर गुडघ्यावर पडलाय, उजवा हात पुढे पसरलाय, आणि कोपरावर ती नागमोडी रेघ स्पष्ट दिसते. फोटो मोठा केला, जर्सी मांडीवर घेतली आणि एकेक टाका जुळवत बसले.