दुसऱ्या गेटवरची वही

परवा काकांना दवाखान्यातनं घरी आणताना बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो. गेट पडलेलं, मागं हॉर्नचा नुसता गोंगाट, आणि काका म्हणतात, "काच खाली कर की रे." काका म्हणजे एकेकाळचे वाफेच्या इंजिनावरचे फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारे, आता पंच्याऐंशी पार.

याच गेटजवळ ७०च्या दशकात मी नि शेजारचा दोस्त शाळा सुटली की वही घेऊन बसायचो. तेव्हा आमच्याकडं मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. इंजिनांचे नंबर लिहायचे, बाकी काही नाही, पण त्यात संध्याकाळ कधी संपायची कळायचं नाही. पॅसेंजरला वायपी जातीचं इंजिन, त्याची मोठी चाकं एका बाजूला तीन, मालगाडीला वायजी, त्याची चार, ती मोजून लांबूनच पैज लावायची.

मला ते इंजिन आवडायचं कारण त्याचं सगळं काम उघड्यावर चालायचं, पिस्टन मागंपुढं होतोय, दांडे चाकं फिरवतायत, खालनं वाफ फुसफुसतेय. आणि आवाज! तो काकांनी समजावला. दोन सिलिंडर, चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येकातनं दोनदा वाफ सुटते, म्हणजे फेऱ्याला चार झुक. हीच वाफ धुराड्यातनं वर जाताना भट्टीतला धूर ओढून नेते, त्यामुळं आगीला वारा मिळतो, म्हणजे इंजिन जितका जोर लावेल तितकी आग आपोआप भडकते. खानापूरकडनं चढ घेत येणारी मालगाडी ऐकून काका घरात बसल्या बसल्या सांगायचे, आज लोड जास्त आहे.

त्यांचा जेवणाचा डबा भट्टीच्या तोंडावरच्या फळीवर गरम व्हायचा. आज्जी राखेनं घासून घासून दमायची, पण बुडाची काळी कड काही निघायची नाही.

मुंबईला जायचं तर मिरजेला गाडी बदलायची, कारण पुण्याकडनं ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद रूळ, १९७१ ला तिथवर आलेलं आणि पुढं आमचं मीटरगेज. शिवाय पंढरपूरकडची अरुंद नॅरोगेज तिथंच. १,६७६, १,००० आणि ७६२ मिलिमीटर, तिन्ही रूळ एकाच स्टेशनात! सगळे ट्रंका, वळकट्या घेऊन पळतायत आणि मी मात्र त्या छोट्या इंजिनाकडं बघत उभा, आज्जा मनगट धरून ओढायचा तेव्हा हलायचो. नव्वदच्या दशकात आमचा मार्गही ब्रॉडगेज झाला, बदलाबदली संपली, लोकांची सोय झाली हे खरंच आहे. पण मला मिरजेचा तो प्लॅटफॉर्म अजून स्वप्नात दिसतो.

तर परवा गेटवर. इलेक्ट्रिक इंजिन आलं, मागं मालगाडी, सुर्रकन निघून गेली. काकांनी कान बाहेर लावलेला, बोटं गुडघ्यावर.

"लोड किती होता रे?"

"मोजला नाही काका."

"मला पण आवाजावरनं कळलं नाही बघ," म्हणाले, आणि गेट उघडलं तरी काच वर करू दिली नाही.