तिकीट गोव्याचं, मुक्काम शिरोड्याला

गेल्या नोव्हेंबरात मी आणि आई सोलापूरहून विमानाने गोव्याला गेलो, पण गोव्यात एक रात्रही राहिलो नाही. मोप्याच्या विमानतळावर उतरलो आणि तिथून थेट सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला. हे कसं जमवलं ते सगळं लिहिते, कारण तिकीट काढायच्या आधी मला सांगणारं कुणी नव्हतं.

आई 68 वर्षांची. चाळीसेक वर्षं तिने विड्या वळल्या, मांडी घालून बसून बसून गुडघे गेले. समुद्र पाहिला तो टीव्हीवर. कोकणात जायचं म्हणजे रात्रभर बस, त्यात घाट. दोनदा बेत केला, दोन्हीदा तिनेच मोडला. "तू जाऊन ये गं, माझ्याच्याने नाही होत." मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. सलग सुट्टी मिळते तीन दिवसांची. त्यातले दोन रस्त्यातच गेले तर हातात काय उरतं?

होटगी रोडच्या विमानतळाची वाट आम्ही किती वर्षं पाहिली, ते सोलापूरकरांना सांगायला नको. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं. माझे मामा त्याच कारखान्याला ऊस घालायचे. चिमणी पडली त्या दिवशी ते जेवले नव्हते. आम्ही विमानाने जाणार म्हटल्यावर मात्र सगळ्यात आधी त्यांचाच फोन आला, "खिडकी मागून घे बरं का."

आता तिकिटाचं. दोघींचं जाऊन-येऊन साडेतेरा हजारांत बसलं, तेही महिनाभर आधी काढलं म्हणून. बस याच्या निम्म्याहून कमी पैशात झाली असती, हे खरं. पण गाडी ठरवून गेलो असतो तर डिझेल, ड्रायव्हरचा मुक्काम धरून एवढेच किंवा जास्त गेले असते, आणि दोन दिवस वर. म्हणून माझ्या हिशोबी हे तिकीट स्वस्तच.

चूक झाली ती वेगळीच. मी तिकीट एका बुकिंग ॲपवरून काढलं. घरात आईला ज्या नावाने ओळखतात तेच टाकलं. आधारवर त्याच नावापुढे 'बाई' जोडलेलं, ते सुटलं. लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. विड्या वळून आईच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून तिला किती वेळा माघारी यावं लागलंय. नावावरून पुन्हा कुणी तिला दारातून परत पाठवू नये, एवढंच मनात होतं. ॲपवाल्यांच्या हेल्पलाइनवर तीन दिवस घालवले तेव्हा नाव दुरुस्त झालं, त्याचेही पैसे घेतले. शिवाय तिकिटात विमा आपोआप टिक झालेला होता, तो मी पाहिलाच नव्हता. तेव्हा तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. आधार समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा आणि पैसे भरायच्या आधी कुठे कुठे टिक आहे ते बघा. व्हीलचेअर लागणार असेल तर तीही तेव्हाच मागून ठेवा.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आईने बांधून घेतलीच होती. चटणी मोठ्या बॅगेत टाकली, कारण तिखट, मसाला हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत.

विमान छोटं, पंख्याचं. एटीआर म्हणतात त्याला. लहान गावांना जोडायला हेच परवडतं, कमी अंतरावर इंधन कमी लागतं. पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. बेल्ट लावताना आईने बकल दोनदा काढून पुन्हा बसवलं. विडीचं तोंड दुमडताना जसा अंगठा दाबायची, तसाच दाबला. भीमेचं पात्र दिसलं तेव्हा म्हणाली, "पंढरपूर कुठल्या अंगाला गं?" तिने हात जोडले, मीही जोडले.

मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आहे, हे नकाशात नीट पाहिलं म्हणूनच ही सहल सुचली. हा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे. तेरेखोल नदी ओलांडली की सिंधुदुर्ग. सावंतवाडी, रेडी, शिरोडा, वेंगुर्ला सगळं हाताशी. लोक उतरतात ते दक्षिणेकडे, कलंगुट-बागाकडे जातात. शिरोड्याच्या घरगुती मुक्कामवाल्या काकींनी गावातलीच गाडी पाठवली, पंधराशे रुपयांत. सकाळी सोलापुरात चहा घेतलेल्या आम्ही दुपारी काकींच्या पडवीत होतो. "आजी, जेवक येवा," म्हणाल्या. पुढ्यात भात, बांगड्याची आमटी, सोलकढी.

शिरोड्याचा वेळागरचा किनारा पाहिला तेव्हा आई बराच वेळ बोललीच नाही. सुरूच्या झाडांखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मग चप्पल काढून, माझा खांदा धरून पाण्यापर्यंत आली. लाट पायावरून परत गेली तशी टाचेखालची वाळू सरकली, तिने माझा दंड घट्ट धरला. "ओढतंय गं," म्हणाली, आणि हसली. अर्धा तास तिथेच. किनाऱ्यावर आमच्याशिवाय जाळं सोडवणारे दोघे होते, बस.

दुसऱ्या दिवशी रेडीचा गणपती केला. ही मूर्ती 1976 मध्ये तिथल्या खाणीत सापडली. येताना मिठागरं पाहिली, 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता. हंगाम लागला नव्हता, वाफ्यांत नुसतं पाणी. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 याच गावात मास्तर होते. शाळेत त्यांचे धडे वाचलेत, म्हणून त्या रस्त्याने मी मुद्दाम पायी गेले.

परतताना कोकमाच्या आगळाची बाटली मोठ्या बॅगेत, काजू हातात. सुकं खोबरं चालत नाही, त्याला आग लागायची भीती असते. काकींनी दिलेलं तिथेच ठेवावं लागलं, त्याचं आईला फार वाईट वाटलं.

सोमवारी संध्याकाळी घरी पोचलो. मंगळवारी कारखान्यातून आले तर आईबरोबर विड्या वळणाऱ्या गल्लीतल्या तिघीजणी ओट्यावर बसलेल्या. आईचा त्यांना तिकिटाचा आकडा सांगून झालेला होता. प्रत्येकीच्या हातात स्वतःचं आधार कार्ड. मी चष्मा लावला आणि पहिलं कार्ड हातात घेऊन नाव अक्षर अक्षर वहीत उतरवायला बसले.