29 डिसेंबर

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या फुटबॉल क्लबची अंडर-13 ची ट्रायल झाली. यादी लागली, पोट्टे खेळायलाही लागले, पण ती सकाळ काही डोक्यातून उतरत नाही. बायको म्हणते, लिहून टाका एकदाचं. तर लिहितोय.

आमचा क्लब दक्षिण नागपुरातला. नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, एका जुन्या लेआउटमधलं मोकळं मैदान आहे, गवत नावालाच, बाकी सगळा मुरूम. एका गोलपोस्टवर शेजारच्यांच्या गोधड्या वाळत असतात, सामना असला की त्या काढायला आधी घरोघरी फिरावं लागतं. शनिवार-रविवारच्या बॅचला साठ-सत्तर पोरं येतात, नुसती खेळायला. त्याच्या वर रोजची बॅच, आणि त्याच्या वर 'टीम'. पालकांच्या तोंडी हे तीन शब्द तीन जातींसारखे असतात. "आमचा टीममधे आहे" हे सांगताना आवाजच बदलतो. पण शनिवार-रविवारच्या साठ घरांची फी जमते तेव्हा कुठे टीमची अठरा पोरं बिब, म्हणजे नंबरवाली बिनबाह्यांची जाकिटं, घालतात आणि अमरावती-अकोल्याला मॅच खेळायला जातात. ज्याला आपण 'नुसता टाइमपास' म्हणतो त्याच्या खिशातून 'सिरियस' खेळ चालतो, हे कुठल्याही बैठकीत कोणी बोलत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात ट्रायल म्हणजे साडेपाचला सुरू आणि आठच्या आत संपलेली पाहिजे. नंतर मुरूम असा तापतो की बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. मी पाचलाच जाऊन फक्की मारतो. हे काम मी कोणाला देत नाही. 30 बाय 20 मीटरचे चार चौकोन, प्रत्येकात चार विरुद्ध चार, चार-चार मिनिटांचे डाव, आणि प्रत्येक डावानंतर जोड्या बदलायच्या. अकरा-अकराची मॅच लावून ट्रायल घेणारे अजूनही पुष्कळ आहेत. त्यात एखाद्या पोराच्या पायाला पाच मिनिटं चेंडूच लागत नाही, आणि मग साहेब लिहितात, 'सहभाग कमी'. अरे, सहभागी व्हायला चेंडू तर द्या! चार-चारमध्ये लपायला जागा नसते. कोण वळून बघतो, कोण चेंडू गेल्यावर उभा राहतो, कोण मित्राला शिव्या देतो, सगळं वीस मिनिटांत उघडं पडतं.

वीस वर्षांत माझी नजर तयार झाली आहे, असं मी मानत होतो. 'होतो' हा शब्द लक्षात ठेवा.

त्या दिवशी 47 पोरं होती. नावं आम्ही बघत नाही, बिबचा नंबर बघतो, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न नको. माझ्या तिसऱ्या चौकोनात तेवीस नंबर होता. बिब गुडघ्यापर्यंत. बूट मोठ्या भावाचे असावेत, कारण पुढच्या बोटांकडे कागद कोंबल्यासारखा फुगा दिसत होता. पण चेंडू यायच्या आधी हे पोरगं दोनदा मान वळवून मागे बघायचं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग अंग अर्धं वळवून, लांबच्या पायाने चेंडू घ्यायचं, की पहिल्या स्पर्शालाच तोंड पुढच्या मैदानाकडे. हे मी कामठीच्या पोरांमध्ये पाहिलं आहे, तिथे चेंडू गल्लीतच जन्मतो. आमच्याकडे हे शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागतात, आणि तरी निम्म्यांना येत नाही.

आणि सात नंबर होता. मिसरूड फुटायच्या बेतात, खांदे रुंद. तेवीस नंबरने चेंडू छान घेतला, वळला, आणि सात नंबरने खांदा लावला. फाऊल नाही, नियमातला खांदा. तेवीस नंबर फक्कीच्या रेषेबाहेर जाऊन बसला, ढुंगणाला पांढरा पट्टा. उठला, परत आला, परत तेच. पाच डावांत मी तीनदा ते पाहिलं. माझ्या वहीत लिहिलेलं आहे: '23. नजर चांगली. ढकलला जातो. पुढच्या वर्षी बघू.' 7 समोर लिहिलं: 'घ्या.'

सव्वाआठला यादी वाचली. रडारड, पाण्याच्या बाटल्या, दोन पालकांचा "दहावीला ग्रेस मार्कांचं काय" हा नेहमीचा प्रश्न. हे सगळं सोडतो.

तेवीस नंबरची आई ॲक्टिव्हा स्टँडवर लावून आली. डबे करते, हे मला माहीत होतं, कारण क्लबच्या उन्हाळी शिबिराचा नाश्ता तिच्याकडूनच यायचा. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होतो. अशा वेळी पालक काय-काय बोलतात त्याची माझ्याकडे पाठ केलेली उत्तरं आहेत.

ती म्हणाली, "सर, एक विचारू का? हा तीन दिवस उशिरा झाला असता, तं काय झालं असतं?"

मला कळेना. मग तिने पिशवीतून दाखला काढला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. जन्मतारीख 29 डिसेंबर.

वयोगट 1 जानेवारीला मोजतात. म्हणजे हा पोरगा त्या वर्षीच्या जानेवारीत जन्मलेल्यांबरोबर एकाच खणात. तीन दिवस उशिरा जन्मला असता तर पुढच्या खणात गेला असता, अंडर-13 मध्ये त्याला आणखी एक अख्खं वर्ष मिळालं असतं, आणि त्या वर्षी तो सगळ्यांत थोरला असता. हे मी तिला सांगितलं. सांगता-सांगता माझाच आवाज बारीक झाला.

"डॉक्टरनं फेब्रुवारीची तारीख देल्ली होती न जी," ती म्हणाली. "आठव्या महिन्यात बीपी वाढलं, तं काढावं लागलं. पावणेदोन किलोचा होता."

सात नंबरचे वडील बाजूलाच उभे होते, मिठाईचा डबा उघडून. बांधकामाची छोटी-मोठी कामं घेतात, मनाने दिलदार माणूस. क्लबला दोन गोलच्या जाळ्या त्यांनीच दिल्या आहेत. ते सहज, अगदी मदत करायच्या सुरात म्हणाले, "ताई, तीन दिवसाचंच तं हाये. करून टाका न नीट. आपला माणूस आहे, चिंता नोका करू."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तीन आठवडे काचेच्या पेटीबाहेर उभी होती मी, भाऊ. त्याची तारीख मी कशी बदलू?"

मी काय केलं? डबा पुढे आला, मी पेढा घेतला. बस. एक शब्द बोललो नाही.

कारण मला आठवत होतं. सात नंबरचा दाखला मीच तपासला होता. जन्मतारीख 3 जानेवारी. पण दाखल्यावर खाली नोंदणीची तारीखही असते, आणि ती बघायची सवय आपल्याकडे फार थोड्यांना आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलं की सरकारी आदेशाशिवाय होत नाही. सात नंबरची नोंद जन्मानंतर नऊ वर्षांनी झालेली. आता, उशिरा नोंद म्हणजे खोटी नोंद असं मुळीच नाही. गावाकडच्या बाळंतपणांत हे होतं. आमच्या वडिलांच्या पिढीत तर गुरुजींनी अर्धा गाव 1 जूनला जन्माला घातला होता. माझं स्वतःचं बघा, आई सांगते मी मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या, दिवशीचा, आणि कागदावर 1 जून. म्हणून मी कागद घेतला, सही केली. शंका आली होती का? आली होती. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघायची टीडब्ल्यू-3 नावाची चाचणी आहे, राष्ट्रीय पातळीवर ती वापरतात. आमच्या पातळीवर कोण काढतो एक्स-रे? आणि कोणाच्या पैशाने? शिवाय जाळ्या त्यांनी दिलेल्या, हेही लिहून टाकतो, लिहायलाच बसलोय तर.

यात त्या पोराचा काही दोष नाही. सात नंबर चांगला मुलगा आहे, गोलपोस्ट उचलायला सगळ्यांत आधी धावतो.

त्या रात्री लाइट गेली नव्हती, कूलर चालू होता, तरी झोप येईना. उठलो, रजिस्टर घेतलं आणि निवडलेल्या अठरा जणांचे महिने एका कागदावर मांडले. जानेवारी ते मार्च: 9. एप्रिल ते जून: 5. जुलै ते सप्टेंबर: 3. ऑक्टोबर ते डिसेंबर: 1. तो एक म्हणजे गोलकीपर, त्याचे वडील सहा फुटांचे. मग शनिवार-रविवारच्या बॅचचं रजिस्टर काढलं. तिथे चारही तिमाह्या जवळपास सारख्या.

मागच्या वर्षीची यादी काढली. तेच. त्याच्या आधीची. तेच. माझी नजर, वीस वर्षांची, कॅलेंडर वाचत होती.

मोबाइलवर शोधलं तर कळलं की हे जगाला कधीचं ठाऊक आहे. कॅनडात आइस हॉकीवाल्यांच्या बाबतीत 1980 च्या दशकातच लोकांनी हे मोजलं होतं. बेल्जियममध्ये तर मजा झाली. तिथे फुटबॉलचं वर्ष आधी 1 ऑगस्टला सुरू व्हायचं, 1997 मध्ये ते 1 जानेवारीवर आणलं, आणि निवडून येणाऱ्या पोरांचे वाढदिवस काही वर्षांत ऑगस्ट-सप्टेंबरवरून जानेवारी-फेब्रुवारीवर सरकले. म्हणजे ऑगस्टातल्या बाळांच्या पायातली कला एका परिपत्रकाने गेली! आमच्या डी लायसन्सच्या, म्हणजे कोचच्या परवान्याच्या, कोर्समध्ये वॉर्मअपवर, कोन कसे मांडावेत यावर, शिट्टी कुठे वाजवावी यावर भरभरून शिकवलं. हे कोणी शिकवलं असेल तर मी तेव्हा चहा प्यायला गेलो असेन.

बारा वर्षांच्या पोरात पाच दिवस कमी एक वर्ष म्हणजे काय ते खांद्याला विचारा. कागदावर सात नंबर आणि तेवीस नंबर यांच्यात तेवढंच अंतर आहे. खरं किती, देव जाणे. मोठा पोरगा निवडला जातो, मग रोज सराव करतो, चांगल्या पोरांबरोबर खेळतो, मॅचेस मिळतात, आणि दोन वर्षांनी खरोखरच चांगला होतो. मग मी छाती पुढे काढून म्हणतो, बघा, मी म्हणालो नव्हतो?

दुसऱ्या दिवशी आमच्या सचिवांना फोन केला. म्हटलं, यादीत दोन-तीन नावं वाढवू या, वर्षाच्या शेवटी जन्मलेली. ते म्हणाले, "भाऊ, पहिल्या चारात आलो नाही तर पुढच्या वर्षी स्पॉन्सर कोण देईल? डिसेंबरवाल्यांची लीग काढून राहिले का तुम्ही?" त्यांचं चूक आहे असंही छातीठोक म्हणता येत नाही. तीच स्पॉन्सरशिप साठ पोरांच्या चेंडूंनाही लागते. सात नंबरच्या दाखल्याचं मात्र मी त्या फोनवरही काढलं नाही. आजतागायत काढलेलं नाही.

एक केलं. पुढच्या ट्रायलसाठी बिब जन्मतारखेच्या क्रमाने वाटायचं ठरवलं: सगळ्यांत थोरल्याला 1, सगळ्यांत धाकट्याला शेवटचा नंबर. नेदरलँड्समध्ये 2017 मध्ये हे करून बघितलं होतं. निवड करणाऱ्यांच्या हातात नुसत्या जन्मतारखा देऊन फरक पडला नाही, पण नंबरच वयाप्रमाणे दिले तेव्हा झुकतं माप गेलं, कारण धाकटा कोण ते प्रत्येक वेळी डोळ्यासमोर राहतं. माझ्या सहकाऱ्याला पटलं. तो म्हणाला, "पण सर, कागदच खोटा असला तं नंबरही खोटाच न." मी विषय बदलला.

पाऊस सुरू झाल्यावर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आमच्याकडे शाळा उघडायच्या थोडं आधी, तेवीस नंबर शनिवारच्या बॅचला आला. मला वाटलं होतं सोडून देईल. मैदानात घोट्याएवढा चिखल. चिखलात खांद्याचं काही चालत नाही, सगळेच घसरतात, आणि मग जो आधी मान वळवून बघतो त्याचं राज्य असतं. दीड तास तो पाण्यात मासा सुटावा तसा खेळला. बाकीची पोरं त्याच्या मागे 'अबे थांब न बे' ओरडत होती.

संपल्यावर पंप आणि चेंडूंची जाळी उचलायला माझ्याबरोबर खोलीपर्यंत आला. दारात उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही आईला म्हटलं होतं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मी कोणत्या टीमसाठी ट्रायल देऊ?"

मी म्हटलं, अंडर-15.

"अंडर-14 नसते?"

"आपल्या लीगमध्ये नसते. तेराच्या वर डायरेक्ट पंधरा."

त्याने बोटांवर मोजलं. मोजताना ओठ हलत होते. "म्हणजे त्याच्यात तं माझ्याहून दोन-दोन वर्षांनी मोठे राहतील."

"हो," मी म्हटलं.

त्याने बूट काढले, आतला भिजलेला कागद काढून पिळला, परत घडी करून आत घातला आणि आईच्या गाडीकडे गेला.