‘शून्य’ फील्डने खाल्लेले पाच आठवडे

मॅग्नेटोमीटरच्या (सॅम्पलचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राच्या) स्लॉटचा अर्ज दोन पानांचा होता. सॅम्पलचं वजन, ते विषारी आहे का, तापमान कुठून कुठवर, चुंबकीय फील्ड किती, सगळं विचारलं होतं. यंत्राचा मॅग्नेट आधी रिसेट करायचा का, म्हणजे त्यात उरलेलं फील्ड काढून टाकायचं का, एवढाच रकाना नव्हता. त्यापायी माझे पाच आठवडे गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

सॅम्पल जस्त-मॅग्नेशियम-टर्बियमच्या क्वासिक्रिस्टलचं. रचना शिस्तीची, पण तीच नक्षी ठरावीक अंतराने परत येत नाही. टर्बियमच्या अणूंचे चुंबकीय मोमेंट (अणूंतले इवले चुंबकच) शेजाऱ्याच्या उलट राहू पाहतात, पण या रचनेत सगळ्यांचं एकदम जमत नाही. मग 5.8 केल्विनच्या आसपास ते जसे असतील तसेच गोठतात. हाच स्पिन ग्लास. तो ओळखायला तापमानानुसार चुंबकनाचे, म्हणजे सॅम्पल किती चुंबक बनलं त्याचे, दोन वक्र काढायचे: एकदा शून्य फील्डमध्ये थंड करून मग छोटं फील्ड लावून, एकदा फील्डमध्येच थंड करून. गोठणबिंदूखाली ते वेगळे व्हायला हवेत.

दाणे वाढवणं, लाउए चित्रं (क्ष-किरणांनी रचना तपासणारी) वगैरे सुरळीत झालं.

पहिल्या स्लॉटला 20 ओर्स्टेड (हे फील्डचं एकक) लावले, तर शून्य फील्डमध्ये थंड केलेल्या सॅम्पलचं चुंबकन 2 केल्विनला चक्क ऋण आलं. सोनं-गॅलियम-गॅडोलिनियमच्या क्वासिक्रिस्टलमध्ये 2021 साली फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं चुंबकत्व) सापडल्यापासून वेगळा वक्र दिसला की छातीत धडधडतं. अतिवाहक फील्डला बाहेर ढकलतो, त्याचंही चुंबकन ऋणच येतं. अतिवाहकता तर नाही? दोन रात्री झोप नव्हती. ऑपरेटरना विचारलं, तर म्हणाले, ‘‘मॅडम, स्क्रीनवर शून्यच आहे.’’ पुढचा स्लॉट तीन आठवड्यांनी.

त्या तीन आठवड्यांत जुने आकडे घेऊन बसले. 50 केल्विनला सॅम्पल साधं पॅरामॅग्नेट असतं, म्हणजे चुंबकन फील्डच्या प्रमाणात वाढतं. तिथे चुंबकन भागिले फील्ड हे 20 ओर्स्टेडला आणि 1000 ओर्स्टेडला सारखंच यायला हवं. माझं कमी फील्डचं उत्तर पाचपट लहान होतं. म्हणजे सॅम्पलवर 20 नव्हे, जेमतेम 4 ओर्स्टेड पोचत होते! माझ्या आधीच्या माणसाने 7 टेस्लापर्यंत (70,000 ओर्स्टेड) मोजलं होतं आणि मॅग्नेटच्या अतिवाहक वेटोळ्यांत अडकलेल्या फ्लक्सने (चुंबकीय रेषांनी) उणे 16 ओर्स्टेड मागे ठेवले होते. स्क्रीन वेटोळ्यातला प्रवाह पाहून फील्ड सांगते, अडकलेलं तिला दिसत नाही. सॅम्पल उलट्या फील्डमध्येच गोठलं होतं, म्हणून ऋण.

तुमच्या आधी कोणी किती फील्ड लावलं, हे लॉगबुकमध्ये बघाच. मॅग्नेट रिसेट करून घ्या. ते जमत नसेल तर फील्ड उलटसुलट करत, दर वेळी कमी करत शून्यावर आणा. मग पॅलेडियमच्या तुकड्यावर खरं फील्ड तपासा, त्याची ससेप्टिबिलिटी (किती फील्डला किती चुंबकन) माहीत असते. कमी फील्डचं मोजमाप आधी उरका, मोठं फील्ड शेवटी.

सॅम्पलचा विद्युत रोध मोजण्यासाठी चार तारा जोडल्या. तो तापमान उतरताना किंचित वाढत गेला, गोठणबिंदूला काहीच ठळक दिसलं नाही. तिथे खूण शोधत बसू नका. हो, तारा जोडण्याआधी पृष्ठभाग घासून घ्या, ऑक्साइडच्या थरावर संपर्क टिकत नाही.

दुसऱ्या स्लॉटला आधी रिसेट, मग पॅलेडियम, मग माझं सॅम्पल. रात्री पावणेदोनला वक्र वर चढत गेला आणि 5.8 केल्विनला टोक करून खाली वळला. खुर्चीतून उठवेना.