गार्लिट्स आणि मागे गेलेलं इंजिन
डॉन गार्लिट्सबद्दल कितीही बोललं तरी माझं मन भरत नाही. फ्लोरिडातल्या टॅम्पाचा हा ड्रॅग रेसर, म्हणजे छोट्या सरळ पट्ट्यावर सुसाट गाडी पळवणारा माणूस, स्वतःच्या गाड्या स्वतःच बनवायचा, नाव ठेवलं स्वॅम्प रॅट. तेव्हा ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे ह्या शर्यतीच्या लांबुळक्या गाडीत, इंजिन पुढे आणि ड्रायव्हर त्याच्या मागे, गिअरबॉक्स अगदी दोन पायांच्या मधे! ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या लायन्स ह्या शर्यतीच्या पट्ट्यावर गाडी सुटता सुटताच तो गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे आणि उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. दुसरा कोणी घरी बसला असता, पण ह्याने इंजिनच पाठीमागे नेलं. आधी गाडी सरळ पळेना, मग स्टिअरिंग जरा संथ केलं आणि जमलं. १९७१ ला कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची शर्यत त्याच गाडीने जिंकला, काय जिद्द!